बुस्कलानला वांग-ओद आजींकडे टॅटू काढायला जायचंय: चार दिवस पुरतील का, आणि काट्याचा टॅटू सुरक्षित असतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मार्चमध्ये फिलिपिन्सची दहा दिवसांची सहल ठरली आहे. त्यातले पहिले चार दिवस कलिंग प्रांतातल्या बुस्कलान गावासाठी ठेवलेत. तिथल्या प्रसिद्ध वयोवृद्ध गोंदणाऱ्या वांग-ओद आजींच्या हातून दंडावर मोठं डिझाइन काढून घ्यायचं आणि मग पालावानच्या समुद्रावर जायचं. ट्रेकिंगची फारशी सवय नाही, म्हणून चढण झेपेल का अशी धास्ती आहे. काट्याने काढलेला टॅटू कितपत सुरक्षित, असंही विचारलं आहे.

मी सोळा वर्षं टॅटू काढते आहे, त्यातली शेवटची नऊ वर्षं मुख्यतः मशीनशिवाय, हाताने. बुस्कलानला तीनदा गेले: 2014, 2018 आणि 2023. पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून गेले, पुढच्या दोन वेळा शिकण्यासाठी आणि भेटण्यासाठी. त्या अनुभवावरून सांगते, तुम्हाला चढणीची काळजी वाटते आहे, पण तुमच्या बेतात ती सगळ्यात सोपी गोष्ट आहे. अडचण दुसरीकडे आहे. आजी आता मोठं डिझाइन काढत नाहीत, आणि टॅटूनंतर लगेच समुद्रात उतरणं हा या बेतातला खरा धोका आहे.

आधी आजींबद्दल. त्यांचा जन्म 1917 सालचा मानतात. वडिलांकडून त्या ही कला शिकल्या आणि पंधरा-सोळा वर्षांच्या असल्यापासून गोंदत आल्या. कलिंगमध्ये या गोंदणाला बातोक म्हणतात आणि गोंदणाऱ्या बाईला माम्बाबातोक. एके काळी पुरुषाच्या छातीवरचं गोंदण म्हणजे त्याने लढाईत शत्रू मारल्याची खूण असायची. बायकांच्या हातांवरचं गोंदण हे त्यांचं सौंदर्य आणि मोठं झाल्याची निशाणी. अमेरिकी राजवटीत शत्रूचं डोकं कापून आणण्याची प्रथा बंद झाली आणि लढवय्यांचं गोंदणही ओसरलं, पण आजी बायकांना गोंदत राहिल्या. 2007 मध्ये मानववंशशास्त्रज्ञ लार्स क्रुटाक तिथे पोचले, त्यांच्या टीव्ही मालिकेतून आजी जगाला माहीत झाल्या. एप्रिल 2023 मध्ये, वयाच्या एकशे सहाव्या वर्षी, त्या 'व्होग फिलिपिन्स'च्या मुखपृष्ठावर आल्या. तुमच्यासारखे कितीतरी जण त्या फोटोपासून हा विचार करायला लागले आहेत, हे मी माझ्याच स्टुडिओत रोज ऐकते.

पण फोटोतली आजी आणि सकाळी ओसरीवर बसलेली आजी यांच्यामध्ये वय उभं आहे. 2014 मध्ये त्यांनी माझ्या पोटरीवर पूर्ण पट्टा काढला होता, जवळजवळ दोन तास न थांबता. 2018 मध्ये त्या फक्त तीन ठिपके देत होत्या. हे तीन ठिपके म्हणजे त्यांची सही: एक त्या स्वतः आणि दोन त्यांच्या नाती, म्हणजे भावंडांकडच्या नाती. 2023 मध्येही तेच. तेही त्यांची तब्येत बरी असेल, थंडी फार नसेल आणि त्यांच्या मनात असेल तरच. मी गेले त्या दुसऱ्या दिवशी त्या बाहेरच आल्या नाहीत. बारा-पंधरा जण अंगणात उभे होते, काही फार हिरमुसले. त्यांच्यावर चिडायचं काहीच कारण नव्हतं, पण चुकीची अपेक्षा घेऊन इतका लांबचा प्रवास केला की असं होतं.

म्हणून प्रश्न जरा वेगळा मांडते. तुम्हाला आजींच्या हातचं काहीतरी हवं आहे, की कलिंगचं गोंदण हवं आहे? आजींच्या हातचं हवं असेल तर तीन ठिपक्यांसाठी जा आणि तेही मिळाले नाहीत तरी चालेल असं मन करून जा. गोंदण हवं असेल तर बुस्कलान ही अगदी योग्य जागा आहे, फक्त काढणारा हात दुसरा असेल.

आणि तो हात कमी दर्जाचा नसतो. पूर्वी ही विद्या रक्ताच्या नात्यातच द्यायची, बाहेरच्याने गोंदलं तर जखम चिघळते अशी समजूत होती. आजींना मूलबाळ नाही, म्हणून त्यांनी ग्रेस पालिकास आणि एल्यांग विगान या नातींना शिकवलं. ग्रेस तर लहान मुलगी असतानाच शिकायला बसली. पाहुणे वाढत गेले तशा गावातल्या आणखी मुली हातात काटा घेऊन बसू लागल्या. आज तिथे बऱ्याच तरुण गोंदणाऱ्या आहेत. 2018 मध्ये एकीने माझ्या खांद्यावर सापाच्या खवल्यांची नक्षी काढली. रेषेची जाडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी, ठिपक्यांमधलं अंतर सारखं. आज सात-आठ वर्षांनीही ती रेषा फाटलेली नाही. आजींनी 2014 मध्ये काढलेला पट्टा मला जिवापाड प्रिय आहे, पण केवळ कारागिरी पाहायची तर खांद्यावरचं काम जास्त नेटकं आहे. आजींनाही यात कमीपणा वाटत नसावा. कला पुढे गेली पाहिजे, असं त्या बोलून दाखवत आल्या आहेत.

माझ्या आजीच्या कपाळावर आणि मनगटावर गोंदण होतं. ते कुणी केलं, तिचं नाव काय, हे घरात कुणालाच माहीत नाही. गोंदणारी बाई दारावर यायची, सुपात धान्य घेऊन जायची, एवढंच आठवतं. ती माहिती आमच्याकडून हरवली याचं मला खूप वाईट वाटतं. म्हणून बुस्कलानमध्ये जी मुलगी तुमच्या अंगावर काम करेल तिचं नाव विचारा, लक्षात ठेवा, आणि परत आल्यावर कुणी विचारलं तर तिचं नाव सांगा. "वांग-ओदच्या गावातून केला" असं मोघम सांगू नका.

आता वाट. मनिलाहून रात्रीच्या बसने बोन्टोकला जायचं, साधारण बारा तास. बोन्टोकहून ताबुकच्या दिशेने जाणारी जीपनी, म्हणजे तिकडची लांब जीपसारखी प्रवासी गाडी, पकडायची. ती चिको नदीच्या काठाने, डोंगराच्या कडेला चिकटून जाते. दोन-तीन तासांत तिंगलायन तालुक्यातलं बुगनाय लागतं आणि जवळच बुस्कलानचा फाटा. तिथून मोटारसायकलवाले, त्यांना तिकडे हाबाल-हाबाल म्हणतात, रस्ता संपेपर्यंत वर नेतात. पुढे चालायचं. आधी थोडी उतरण, ओढा, मग बांधलेल्या पायऱ्यांची खडी चढण. सवय नसलेल्याला तास-सव्वा तास पुरे. गुडघे धड असतील आणि पाठीवर मोठं ओझं नसेल तर काहीही अवघड नाही. पावसात मात्र त्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तळव्याला पकड असलेले बूट हवेतच. जीपनीच्या टपावर बसून जाण्याची तिकडे पद्धत आहे, दृश्य सुंदर दिसतं. पण मी आतच बसते. त्या रस्त्याला कठडे सगळीकडे नाहीत.

त्या रस्त्याबद्दल एक गोष्ट जाण्याआधी माहीत असावी असं मला मनापासून वाटतं. 1970 च्या दशकात सरकारने चिको नदीवर धरणं बांधायचं ठरवलं होतं, जागतिक बँकेच्या पैशाने. बुतबुत लोकांची, म्हणजे आजींच्याच जमातीची गावं आणि भातखाचरं पाण्याखाली जाणार होती. विरोध करणाऱ्यांमध्ये पुढे होते बुगनायचे माक्लि-इंग दुलाग. 24 एप्रिल 1980 च्या रात्री सैनिकांनी त्यांना त्यांच्या घरात गोळ्या घातल्या. पण त्यामुळे विरोध थांबला नाही, उलट वाढला, आणि ती धरणं झाली नाहीत. तुम्ही फाट्यावर उतराल तेव्हा आजूबाजूला दिसणारी पायऱ्यापायऱ्यांची खाचरं उरली आहेत ती यामुळे. ही माणसं कुणाच्या करमणुकीसाठी डोंगरात थांबलेली नाहीत. फोटो विचारून काढा, घरात विचारून शिरा, आणि म्हाताऱ्या बायकांच्या हातावरचं गोंदण बघायला परवानगीशिवाय त्यांचा हात हातात घेऊ नका. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून लिहिते.

गावात वाटाड्या घेणं सक्तीचं आहे. वर चढण्याआधी नोंदणी करतात आणि ठरलेली रक्कम घेतात. वाटाड्याच तुमची राहायची सोय एखाद्या घरात करतो. हॉटेल नाही, एटीएम नाही. सगळे पैसे पेसोंमध्ये, सुट्या नोटांत, बोन्टोकलाच काढून ठेवा. टॅटूचे दर आकारानुसार असतात. घासाघीस करू नका. शाकाहारी असाल तर आधी सांगा. भात, घेवडा, चायोटे नावाची दुधीसारखी भाजी आणि तिथलीच काळी कॉफी सहज मिळते. आणखी एक: त्या डोंगरांत गांजाची चोरटी लागवड होते, कुणीतरी तुमच्यासमोर धरेलही. हात लावू नका. फिलिपिन्सचा अमली पदार्थांचा कायदा अतिशय कडक आहे आणि परतीच्या वाटेवर पोलीस झडती घेतात.

चार दिवस पुरतील का? कागदावर पुरतात. पहिल्या रात्री बस, दुपारी गावात, दुसरा दिवस टॅटूचा, तिसऱ्या दिवशी सकाळची जीपनी पकडून बोन्टोक आणि संध्याकाळची बस, चौथ्या दिवशी पहाटे मनिला. परतीच्या जीपनी सकाळीच सुटतात, ती चुकली तर दिवस गेला. दरड कोसळली, गावात कुणी वारलं आणि काम बंद राहिलं, किंवा नुसती गर्दी असली तरी हा बेत मोडतो. मार्च कोरडा असतो, ते तुमच्या बाजूचं आहे. पण इस्टरआधीचा पवित्र आठवडा मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये येतो, तेव्हा सगळा फिलिपिन्स सुट्टीवर असतो आणि बुस्कलानमध्ये पाय ठेवायला जागा नसते. तो आठवडा आणि शनिवार-रविवार टाळा. एक दिवस वाढवून पाच करा. ते जमत नसेल तर मी जाऊ नका म्हणेन, कारण घाईत घेतलेला टॅटू आयुष्यभर राहतो.

आता काटा. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण हा माझा रोजचा विषय आहे. बोटभर लांब, लिंबूवर्गीय झाडाचा काटा बांबूच्या काडीच्या टोकाला आडवा खोचलेला असतो. ही काडी म्हणजे गिसी. दुसऱ्या हातात ठोकायची काठी. नारळाच्या करवंटीत चुलीची काजळी पाण्यात कालवलेली असते. आधी गवताची काडी त्या काजळीत बुडवून कातडीवर रेघा आखतात, हेच त्यांचं स्टेन्सिल. मग ठोके सुरू होतात, मिनिटाला शंभराच्या आसपास. लाकडावर लाकूड आपटल्याचा टक-टक असा कोरडा आवाज, आणि काटा बाहेर निघताना कातडीला बसणारी बारीकशी ओढ. मशीनचं दुखणं ओरखड्यासारखं असतं, हे चिमटा घेऊन सोडल्यासारखं. अर्ध्या तासाने बहुतेकांचं अंग त्या ठोक्यांना सरावतं.

सुईपेक्षा काटा जाड असतो, म्हणून कातडीला इजा जास्त होते. रक्त जास्त येतं, सूज दोन-तीन दिवस टिकते, खपली जाड धरते. पूर्ण भरायला माझ्या अनुभवात तीन ते चार आठवडे. संसर्गाच्या दृष्टीने तीन गोष्टी पाहायच्या. काटा नवा आहे का: तुमच्या डोळ्यांदेखत खोचायला सांगा, त्या सांगितल्याशिवायही बहुधा तसंच करतात. काजळी वेगळी आहे का: आधीच्या माणसाचं रक्त लागलेला काटा त्याच करवंटीत बुडवलेला असू शकतो, म्हणून थोडी नवी काजळी वेगळ्या झाकणात काढून द्यायला नम्रपणे सांगा. मी जाताना रंगाच्या छोट्या प्लास्टिकच्या टोप्या आणि ग्लोव्हजचं खोकं घेऊन जाते आणि तिथेच ठेवून येते. कुणालाही त्याचं वाईट वाटलेलं नाही. तिसरी गोष्ट म्हणजे बांबू. तो सच्छिद्र असतो, स्टीलच्या हत्यारासारखा उकळून किंवा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या वाफेच्या यंत्रात, घालून निर्जंतुक करता येत नाही. म्हणजे धोका कमी करता येतो, शून्य करता येत नाही. हे मान्य असेल तरच बसा.

त्यासाठी घरून तयारी करा. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर तिचे तीन डोस सहा महिन्यांत होतात, त्यामुळे मार्चपर्यंत पूर्ण होतील का ते आजच डॉक्टरांना विचारा. धनुर्वाताचं इंजेक्शन जुनं झालं असेल तर घ्या. हिपॅटायटिस सी वर लस नाही, हेही लक्षात असू द्या. मधुमेह आटोक्यात नसेल, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, गरोदरपण असेल किंवा जुन्या जखमांचे व्रण फुगून वाढत असतील तर काट्याचा टॅटू घेऊच नका. नंतर बारा महिने रक्तदान करता येत नाही. घरात कुणी सैन्यभरतीची तयारी करत असेल तर टॅटूच्या जागेचे नियम आधी वाचायला सांगा.

जागेबद्दल: दंडाची बाहेरची बाजू, खांदा, पोटरी, हाताची वरची बाजू. गोंदणारीचे दोन्ही हात ठोकण्यात गुंतलेले असतात, कातडी ताणून धरायला मोकळा हात उरत नाही. म्हणून जिथे कातडी आपोआप घट्ट असते तिथे रेषा सरळ येते. फासळ्या, मनगटाची आतली बाजू, पाऊल नको. डिझाइन तिथल्या फळ्यावर अर्थासकट दिसतील: गोम, अजगराचे खवले, नेचा, भाताच्या पेंढ्या. गोम वाट दाखवते आणि राखण करते असं मानतात, म्हणून प्रवासी ती जास्त घेतात. लढवय्याचा छातीवरचा पट्टा मागू नका. तो जीव घेऊन आणि जीव धोक्यात घालून मिळवलेला असायचा. मोबाइलवरचं दुसरं कुठलं चित्रही त्यांच्यापुढे धरू नका. दंडभर मोठं काम एका बैठकीत घेण्याऐवजी मी एक बोटभर रुंद पट्टा सुचवेन.

आणि समुद्र. 2018 मध्ये माझ्याबरोबर एक मैत्रीण होती. बुस्कलाननंतर पाचव्या दिवशी ती पोहायला उतरली, मी नको म्हणत असताना. दुसऱ्या दिवशी रात्री ताप, पोटरी लाल आणि गरम, नक्षीच्या कडेने पू. तिथल्या एका दवाखान्यात तीन दिवस सलाईनमधून अँटिबायोटिक द्यावं लागलं. ती बरी झाली, पण मधले सात-आठ ठिपके खपलीबरोबर निघून गेले. समुद्राच्या कोमट पाण्यातले जंतू उघड्या जखमेतून फार लवकर पसरतात. म्हणून तुमचा क्रम उलटा करा: आधी पालावान, मग बुस्कलान, मग थेट घर. मात्र पालावानला ज्या अंगावर टॅटू घ्यायचा ते झाकून ठेवा, उन्हाने भाजलेल्या कातडीवर कुणीही शहाणी गोंदणारीण काम करणार नाही. आणि डोंगर शेवटी ठेवला की विमान चुकण्याचा धोका वाढतो, तेव्हा तो जास्तीचा पाचवा दिवस परतीच्या विमानाआधी मनिलात ठेवा.

टॅटू झाल्यावर गावात तेल लावतील, लावू द्या. रात्री स्वच्छ पाणी आणि साध्या साबणाने धुवा, टिपून कोरडं करा. परतीच्या चढ-उतारावर घाम येतो, म्हणून प्लास्टिकने गुंडाळू नका, सैल सुती बाहीचा सदरा घाला. खपली काढू नका.

व्हिसाचं शेवटी विचारलंय: 2025 पासून भारतीयांना पर्यटनासाठी 14 दिवस व्हिसाशिवाय जाता येतं, तुमचे दहा दिवस त्यात बसतात. परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग छापून जवळ ठेवा, आणि निघण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा पाहा. तारखा पक्क्या झाल्या, किंवा डॉक्टरांनी लसीबद्दल काही वेगळं सांगितलं, तर इथेच लिहा. टॅटूची जागा आणि पट्ट्याची रुंदी ठरवायला मी मदत करेन.